भाजणी झाली का, वैनी?

भाऊजी, दहाव्याला तुमचा कावळा लगेच शिवला.

घाटावर पिंड ठेवून लोक जरा मागं सरकले, तुमच्या किरणनं हात जोडले, आणि जवळच वाट बघत बसल्यासारखा तो खाली आला. चोच मारली नि गेला. लोक म्हणाले, "दत्तूमिस्तरीचं काही राहिलं नव्हतं. सगळं करून गेला मानूस." सगळ्यांना बरं वाटलं. मी मात्र पदर तोंडाशी धरून तशीच उभी राहिले. मला वाटलं होतं, कावळा अडेल. अडला की एकेक जण पुढं होतो, तुमच्यामागं मंदाला बघू म्हणतो, दुकान चालवू म्हणतो. त्यात मीही पुढं होईन आणि सहा वर्षं पोटात ठेवलेलं सांगून टाकीन, असं ठरवून आले होते. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. तुम्ही बोलायची वेळच आणली नाही.

तुमचं काही राहिलं नव्हतं. राहिलंय ते माझं. म्हणून किरणच्या जुन्या वहीतली कोरी पानं घेऊन बसलेय. चौथीपर्यंत शिकलेली तुमची भावजय जशी बोलते तशीच लिहिणार, तेव्हा ऐकून घ्या. तसंही माझं बोलणं तुम्ही चाळीस वर्षं ऐकलंच. "वैनी बोलायला लागली की मशीन बंद करावं, लाईट तरी वाचंल," असं म्हणायचे तुम्ही.

सोनईच्या रस्त्याला तुम्ही वेल्डिंगचं दुकान टाकलं तेव्हा खिडक्या, दारं, टाकीचे स्टँड एवढंच काम होतं. साधे रॉड. पुडा फोडला की रॉड होल्डरला लावला. मग उसाच्या ट्रॉल्या आल्या, मग टिपर, आणि मग कर्जतकडच्या यारीवाल्यांना तुमचा पत्ता लागला. विहीर खोदताना खालचा दगड-मुरूम वर ओढून काढणारी ती यारी. तिच्या लोखंडी हाताला दगडाची बकेट लोंबकळते, आणि खाली उतरायचं असलं की त्याच बकेटमध्ये माणसं उभी राहतात. त्या हाताचं लोखंड वेगळं असतं, दिसायला पातळ पण लई ताकदीचं. तुम्ही त्याला हाय टेन्साईल म्हणायचे, गिऱ्हाईक हायटेन्शन म्हणायचं. "मिस्तरी, हायटेन्शन पत्रा हाय, जपून." तुम्ही म्हणायचे, "पत्र्याला कशाचं आलंय टेन्शन, मला हाय."

त्या लोखंडाला साधा रॉड चालत नाही. लो हायड्रोजन लागतो, म्हणजे ज्याच्या अंगात पाणी जवळजवळ नाहीच असा. पण त्याच्या तारेवरचं जे लेपण असतं ना, ते पुडा फोडल्यापासून हवेतलं पाणी प्यायला लागतं. हे मला काय माहीत. पहिल्यांदा तुम्ही फुटक्या पुड्यातले रॉड घरात आणून ठेवले आणि म्हणालात, "वैनी, ह्यांना ओल लागलीय, सुकवायला लागत्याल. ओव्हन आणतोय मी." मी म्हटलं, त्याला ओव्हन कशाला. गच्चीवर कुरडया घातल्या होत्या, त्याच लुगड्याच्या एका कडेला रॉड ओळीनं मांडले. दुपारून दोनदा उलटलेसुद्धा. तुम्ही वर आलात, कुरडयांच्या शेजारी तुमचे रॉड बघितलेत, आणि जिन्यावर खाली बसलात हसत.

"वैनी, उन्हानं कुरडई वाळती. ह्याच्या पोटातलं पानी उन्हाला भीत न्हाई."

"मग कशाला भीतं?"

"साडेतीनशे डिग्रीला."

"म्हणजे भाजायचेच की."

"व्हय, भाजायचेच."

"मग सुकवायचे कशाला म्हणता? भाजणी म्हणा सरळ."

तेव्हापासून आपल्याकडं त्याचं नाव भाजणी पडलं. ओव्हन आला तो आमच्या पडवीत, कारण दुकानाचा पत्रा गळायचा आणि पडवीची भिंत दुकानाला लागून. तो चालवायचं काम माझ्याकडं आलं, कारण मी कायम घरात. काटा तीनशेच्या वर जाऊन साडेतीनशेला टेकला की तिथून घड्याळ लावायचं, दोन तास. मग शंभराच्या वर धरून ठेवायचे. लागतील तसे झाकणाच्या गरम डब्यातून न्यायचे, एकावेळी एकच रॉड बाहेर. अर्धा दिवस बाहेर राहिलेला रॉड परत भाजायचा. तुम्ही दुकानाच्या दारातून हाक मारायचे, "भाजणी झाली का, वैनी?" आणि मी पडवीतून म्हणायचे, "झाली."

एकदा बेलापूरचा एक ट्रॉलीवाला ही हाक ऐकून बाकावर मांडी घालून बसला. "आलोच हाय तर दोन गरम थालपिटं खाऊनच जातो." तुम्ही काच डोळ्यावर घेतलीत आणि हसू लपवलंत. मला चूल पेटवायला लागली. त्याच्यानंतर यारीवाले यायचे ते थालीपीठ गृहीत धरूनच यायचे.

इंग्रजी आकडे मी त्या रॉडांवर शिकले, हे तुमचे उपकार. रॉडच्या पकडायच्या टोकाजवळ बारीक आकडे छापलेले असायचे. तुम्ही बोट ठेवून सांगितलंत, हे सत्तर-अठरा, हे नव्वद-अठरा. सत्तरवाला ट्रॉलीला, नव्वदवाला यारीला, गल्लत करायची नाही. पुढं मी एसटीचे नंबर वाचायला लागले, मोबाईल लावायला लागले. शाळेनं जे केलं नाही ते त्या एवढ्याशा छाप्यानं केलं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

भांडणं पण झाली. आपलं कायमचं भांडण दोन दिवसांवरून. यारीचा जोड झाला की तुम्ही त्याच्यावर कोरडी राख नि गोणपाट टाकून हळूहळू गार होऊ द्यायचे आणि दोन दिवस दुकानात अडवून ठेवायचे. गिऱ्हाईक तळमळायचं. मी म्हणायचे, "जोडलं ते जोडलं. बाळंतिणीसारखं काय निजवून ठेवता?"

तुम्ही म्हणायचे, "वैनी, रॉडात पानी असलं तर ते लोखंडात शिरून बसतं. लोखंड त्या दिवशी बोलत न्हाई. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बोलतं. तवर ते यारीवर गेलं तर खाली मानसं असत्यात."

मला हे पटायचं नाही. लोखंड उशिरा बोलतं म्हणजे काय. तडकायचं तर तेव्हाच तडकेल की.

आता त्या दिवसाचं सांगते.

श्रावणातली झड लागली होती. नामदेव यारीवाला, तुमचं कर्जतकडचं जुनं गिऱ्हाईक, सकाळीच टेम्पोत यारीचा हात घालून आला. सांध्याजवळ फाटला होता. तुम्ही म्हणालात, "वैनी, नव्वद-अठराची भाजणी लावा, आठ दिवसांमागं फोडलेला पुडा हाय." मी ओव्हन लावला आणि दळण घेऊन गिरणीत गेले. काटा चढायला वेळ लागतोच, तेवढ्यात येऊ म्हटलं. गिरणीत भेटली सुमन. तिच्या लेकीचं जमलं होतं. त्या लग्नाचं ऐकता ऐकता, माझंही चार घरचं सांगता सांगता, किती वेळ गेला कळलं नाही. परत आले तर ओव्हन गार. मधेच लाईट गेली होती नि आली होती, आणि तो एकदा बंद पडला की परत बटण दाबायला लागतं. मी बटण दाबलं. काटा वर चढायला लागला. शंभराला पोचला असेल नसेल, तुम्ही दारात.

"भाजणी झाली का, वैनी?"

तुमच्या मागं नामदेव उभा, त्याची दोन माणसं उभी. सगळे माझ्याकडं बघताहेत. मी गिरणीत गप्पा मारत होते हे कसं सांगू, एवढंच डोक्यात आलं. दुसरं काही आलं नाही, खरं सांगते. मी म्हणाले, "झाली."

जन्मभर एवढं बोलले. त्यातला हा एक शब्द.

तुम्ही डबा घेऊन गेलात. पत्रा गॅसनं तापवलात, सगळं रीतीनं केलंत. मी दुकानाच्या दाराशी उभी राहून आवाज ऐकत होते. एरवी तुमचा रॉड एकसारखा चालायचा, तव्यात तेल चुरचुरावं तसा. त्या दिवशी मधेमधे फटफट करत होता. तुम्ही काच वर केलीत.

"आज रॉड लई तडतडतोय. काटा किती होता, वैनी?"

"किती म्हणजे? रोज असतो तेवढा. हवाच दमट हाय, तुमचा पत्रा गळतोय, त्याला मी काय करू?"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग काच खाली केलीत.

दुपार कलली. काम झालं. आणि नामदेव हातापाया पडायला लागला. विहिरीत पाणी भरतंय, माणसं बसून आहेत, खोदलेलं ढासळेल. "मिस्तरी, तुमचा हात हाय, तुमच्या हाताला कशाला दोन दिवस?" आणि तुम्ही, कधी नव्हे ते, कबूल झालात. सांज व्हायच्या आत घेऊन जा म्हणालात.

तेव्हा मला तुमचं ते "खाली मानसं असत्यात" आठवलं. इतकी वर्षं दोन दिवसांवरून तुमची चेष्टा केली होती मी. आता मीच पुढं झाले.

"दोन दिवस ठेवायचं म्हणजे ठेवायचं," मी म्हणाले.

तुम्ही म्हणालात, "आता काय झालं? रोज तर बाळंतीण म्हणता."

"आज खरंच बाळंतीण हाय. राहू द्या."

"वैनी, मानसं बसून हायेत त्याची."

तेव्हाही सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तुम्ही नि नामदेव चहाला बसलात, आणि मी दुकानात जाऊन यारीचा हात ज्या पिनवर फिरतो ती पिन उचलली. मनगटाएवढी जाड. पदराखालून घरात आणली आणि भाजणीच्या पिठाच्या डब्यात, खऱ्या भाजणीच्या, तळाशी खुपसली. पिनशिवाय हात बसत नाही. तुम्ही सगळ्यांनी चिखल तुडवला, टेम्पो झाडला, गटारीत हात घातले. नामदेवचा एक माणूस दुसऱ्यावर खेकसला, "तुझ्याच हातात दिल्ती." ते मला अजून टोचतं, त्या बिचाऱ्यानं उगीच शिव्या खाल्ल्या. दुसरी पिन नगरहून बनवून आणायचं ठरलं, आणि त्यात दोन दिवस आपोआप गेले. त्या दोन दिवसांत मी सगळ्यांना थालीपीठ खाऊ घातलं. त्याच डब्यातलं. वरवरचं पीठ काढून.

तिसऱ्या दिवशी सकाळी पिन मला गोणपाटाखाली "सापडली". बसवायच्या आधी तुम्ही सवयीनं जोडावर रॉकेल फिरवलंत, पुसलंत, वरून खडूची पूड चोळलीत. आपण सगळे बघत उभे. चिरेत शिरलेलं रॉकेल पुडीतून वर आलं, पांढऱ्यावर एक काळी रेघ उठली. केसाएवढी. जोडाच्या कडेनं वीतभर गेलेली.

नामदेव खालीच बसला. म्हणाला, "मिस्तरी, परवा नेलं असतं तर माझी चार मानसं बकेटीत हुती." मग म्हणाला, "देवानंच पिन लपवली."

आणि तुम्ही आपल्या उजव्या हाताकडं बघत म्हणालात, "हात गेला माझा, वैनी."

मी तोंड उघडलं होतं, भाऊजी. देवाशपथ उघडलं होतं. पण नामदेव तिथं होता, किरण तिथं होता, आणि माझं तोंड तसंच मिटलं. म्हटलं, सगळे गेले की सांगू. मग म्हटलं, उद्या सांगू.

जुना जोड तुम्ही कापून काढलात, घासून साफ केलात. दुसऱ्या वेळी मी ओव्हनपुढं पाट टाकून बसले, काटा टेकल्यापासून दोन तास पाणी प्यायलाही उठले नाही. तो जोड अजून आहे. नामदेवची ती यारी अजून विहिरी काढते. पण तुम्ही मात्र स्वतःच्या तोंडानं सगळ्यांना सांगत सुटलात, की माझ्याकडून तडकलं, वय झालं, आता यारीचं काम माझ्याकडं आणू नका. नगरला पाठवायचे तुम्ही त्यांना. दुकानात परत खिडक्या नि दारं. ओव्हनवर मंदानं गोधड्यांची चळत रचली. तुमची हाक बंद झाली. मी कितीदा म्हटलं, "एक जोड म्हणजे काय झालं, घ्या की काम." तुम्ही म्हणायचे, "एकच पुरतो, वैनी." आपलं शेवटचं भांडण हेच, आणि त्यात मला बाजू होती पण पुरावा दाखवता येत नव्हता.

मी स्वतःची समजूत घालत आले की तुम्हाला कळलं असणार. तुम्ही काच वर करून माझ्याकडं बघितलंत ना, तेव्हाच कळलं असणार. एवढा जाणता माणूस, रॉडच्या आवाजावरून ओल ओळखणारा. वैनीची अब्रू राखायला स्वतःवर घेतलं असणार. सहा वर्षं मी याच्यावर काढली.

तेरावा झाल्यावर नामदेव भेटायला आला. बाकावर बसला, डोळे पुसले. म्हणाला, "लई मोठा हात हुता मिस्तरीचा. शेवटीशेवटी जरा गेला, वयाचं काय करता." किरण खाली बघून मान हलवत होता. नामदेव त्याला म्हणाला, "माझ्या दुसऱ्या यारीचं काम हाय, तू करतू का?" तर किरण म्हणाला, "नको, नामदेवभाऊ. आबांच्यानी झालं न्हाई, माझ्यानी काय व्हनार?"

चहाची कपबशी माझ्या हातात होती. ती मी खाली ठेवली.

"हात गेला नव्हता," मी म्हणाले. "रॉड ओले होते. मी भाजले नव्हते. भाजणी झाली म्हणून खोटं बोलले मी."

मी गिरणी, सुमन, लाईट, काटा, सगळं सांगितलं. पिनचंही. नामदेव बघतच राहिला.

"म्हंजी पिन तुमी...?"

"भाजणीच्या डब्यात."

"त्या डब्यातली थालपिटं खाल्ली की मी. दोन दिवस."

"चार-चार खाल्लीत."

त्याला हसावं का रडावं कळेना. मग जाता जाता त्यानं वाकून मला नमस्कार केला. मला तो घेववला नाही. त्याची माणसं वाचवली म्हणून त्यानं केला, पण त्यांना मरणाच्या काठावर मीच आणून उभं केलं होतं.

मंदा मात्र जागची हलली नाही. जाऊबाई माझी, पण माझ्यावर कधी चढ्या आवाजात बोललेली नाही, त्या दिवशीही नाही. एवढंच म्हणाली, "आक्का, सहा वर्षं रोज सकाळी पायरीवर बसून हात पुढं धरायचे. थरथरतोय का बघायचे. मला म्हनायचे, तू बघ, तुझी नजर चांगली हाय."

झालं. माझी समजूत तिथंच संपली. तुम्हाला कळलं नव्हतं. माणसाला माहीत असतं, तर तो रोज आपला हात असा तपासत बसत नाही.

क्षमा मागत नाही मी. ती देणारा माणूसच नाही, आणि मंदाकडं मागायचं तोंड नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली, ओव्हनवरच्या गोधड्या काढून घेऊन गेली. एवढंच. त्याचा काय अर्थ लावायचा तो मी लावलेला नाही. पण गावात जो भेटेल त्याला मी सांगतेय. गिरणीत सांगितलं, दूध घालताना सांगितलं, सुमनला तर पहिलं सांगितलं. तोंड एवढं चालतं माझं, ते एकदा तरी तुमच्या कामी येऊ दे. हात नीट होता दत्तूमिस्तरीचा, रॉड ओले होते.

काल नामदेवनं दुसऱ्या यारीचा हात आणून टाकला. किरण बराच वेळ त्याच्याभोवती फिरला. मग नवा पुडा घेऊन पडवीत आला आणि माझ्यासमोर ठेवला. नव्वद-अठरा. मी आकडे वाचले, ओव्हनमध्ये रॉड मांडले, बटण दाबलं, आणि पाट टाकून बसले. दळण ह्या खेपेला मंदा घेऊन गेली.

काटा अडीचशेवर होता. दुकानाच्या दारातून हाक आली. आवाज तुमच्यासारखा नाही त्याचा, पातळ आहे, पण शब्द तेच.

"भाजणी झाली का, मोठी आई?"

मागं नामदेव उभा होता. त्याची माणसं उभी होती. सगळे माझ्याकडं बघत होते.

"न्हाई झाली," मी म्हणाले.

"किती वेळ?"

"आता कुठं अडीचशे. वर टेकंल, मग दोन तास."

किरणनं नामदेवकडं बघितलं, आणि बाकावर जाऊन बसला.

थांबला तो, भाऊजी. तुम्हीही थांबला असता.